फोन उचलण्याआधी: नाशिकमध्ये माहिती-हेल्पलाइनवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

हेल्पलाइनवर नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात नंबरांची यादी पडते. ११२, १०८, १०९८, १८१, ज्येष्ठांसाठीचा १४५६७. यादीला प्लास्टिकचं कव्हर घालून ती टेबलावर चिकटवतात आणि त्याला वाटतं, झालं, हेच आपलं काम. पण नंबर तर फोन करणाऱ्यालाही मोबाइलवर सापडला असता. तो तुमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद-दोन नंबर लावून थकलेला असतो, नाहीतर आपली अडचण नेमकी कोणत्या खात्यात बसते हेच त्याला उमगलेलं नसतं.

म्हणून माझं मत असं की प्रशिक्षणाची आखणी खिडकीपासून उलटी करावी. आपण पाठवलेला माणूस सरकारी कार्यालयाच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीपाशी पोचल्यावर त्याला काय ऐकावं लागतं, ते आधी शिकवायचं. फोनवर कसं बोलावं, ते त्यानंतर. आपल्याकडे नेमकं उलट होतं: गोड बोलण्याचे दोन दिवस, 'सॉफ्ट स्किल'चा एक दिवस, आणि चौथ्या दिवशी हेडफोन.

ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, एखादा ट्रस्ट किंवा कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना अशी सेवा चालवत असेल आणि तुम्ही तिथे नव्याने बसणार असाल, किंवा नव्यांना शिकवणार असाल, तर हे वाचा.

एक गोष्ट आधीच पक्की करा. आपण डॉक्टर नाही, वकील नाही, समुपदेशक नाही आणि रुग्णवाहिकाही नाही. माणसाची गरज समजून घेऊन त्याला योग्य दारापर्यंत नेणं, एवढंच हे काम आहे, आणि ते स्वतंत्र कौशल्याचं काम आहे. अमेरिकेत यासाठी २११ हा क्रमांक २००० सालापासून राखून ठेवलेला आहे, आणि तिथे हे काम करणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संघटनाही आहे. आपल्याकडे प्रत्येक खात्याची वेगळी हेल्पलाइन निघाली. या सगळ्यांतून वाट दाखवणारा माणूस मात्र स्थानिक संस्थांनी आपापला घडवायचा आहे.

पायरी १: पहिला आठवडा फोनपासून लांब

नव्या माणसाला आधी जिल्हा फिरवा. नाशिकमधले बरेच फोन 'हे कोणाच्या हद्दीत येतं' इथेच अडतात. शहर म्हणजे सगळी महापालिका असं बाहेरून आलेल्याला वाटतं. महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. पण देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, त्याला लागूनच असलेल्या भगूरला स्वतःची नगरपालिका आहे, आणि मालेगावची महापालिका तर पूर्णच वेगळी. पोलिसही दोन: शहराला आयुक्तालय, उरलेल्या जिल्ह्याला ग्रामीण पोलिस अधीक्षक.

'नाशिकरोडच्या जरा पुढे राहतो, मुलाचा जन्मदाखला पाहिजे' असा फोन आला की नवा माणूस पत्ता विचारतो. विचारायला हवं ते हे: बाळ जन्मलं कुठल्या दवाखान्यात? जन्माची नोंद जन्म झाला तिथल्या कार्यालयात होते, राहत्या पत्त्यावर नाही. बाळंतपण माहेरी सटाण्याला झालं असेल तर नाशिकरोडच्या विभागीय कार्यालयात रांग लावून काहीच निघणार नाही.

आदिवासी विकास विभागाचंही असंच होतं. राज्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच असल्यामुळे लोक थेट तिथे येऊन धडकतात. पण वसतिगृहापासून बऱ्याच योजनांपर्यंतचं रोजचं काम प्रकल्प कार्यालयात चालतं, आणि जिल्ह्यात अशी दोन कार्यालयं आहेत, नाशिक आणि कळवण. सुरगाण्याच्या पोराला कळवणला जायचं असतं. तो नाशिकला आला तर एक दिवसाचा रोज बुडाला आणि एसटीचं भाडं गेलं.

तेव्हा कोरा नकाशा द्या आणि पंधराही तालुके हाताने भरायला लावा. मग पायी फिरवा. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलेल्या माणसाला कलेक्टर कचेरी आणि जिल्हा न्यायालय समोरच आहे, सिव्हिल हॉस्पिटल त्र्यंबक रस्त्याला आहे, संदर्भ सेवा रुग्णालय शालिमारला आहे, महापालिकेचं बिटको रुग्णालय नाशिकरोडला आणि झाकीर हुसेन द्वारकेच्या बाजूला, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. गुगल मॅप बघून सांगणं वेगळं आणि 'मेन गेटमधून शिरलात की डाव्या हाताला केसपेपरची रांग दिसेल' असं सांगणं वेगळं.

प्रत्येक खिडकीवर तासभर उभं राहून वहीत काय टिपायचं? खोली नंबर, जेवणाची सुट्टी, टोकन किती वाजता संपतात, मूळ कागद कोणते, झेरॉक्स किती, फॉर्म फुकट मिळतो की बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून घ्यावा लागतो. आणि सर्वात महत्त्वाचं: लोकांना परत पाठवताना कोणतं वाक्य वापरलं जातं. 'उत्पन्नाचा दाखला जुना झाला.' 'सर्व्हर डाऊन आहे.' 'नावात फरक आहे.' या शेवटच्या वाक्याने किती अर्ज अडतात ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आधारवर 'सुमनबाई', रेशनकार्डावर 'सुमन', बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी आणि नाव नंतर. ही वाक्यं ज्याने कानांनी ऐकली तो फोनवर आधीच म्हणतो, "मावशी, तिन्ही कागद समोर ठेवा आणि नाव कसं लिहिलंय ते मला वाचून दाखवा." एवढ्यावर एक हेलपाटा वाचतो.

पायरी २: मागितलं ते ऐकायचं, मग दुसरा प्रश्न विचारायचा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि घेऊ द्यावा. सरावासाठी मी नेहमी डायलिसिसचा फोन घेते. हा रचलेला आहे, पण यातला एकही प्रश्न हवेतला नाही.

"डायलिसिस स्वस्तात कुठं होतं हो? नंबर द्या ना."

"देते ना भाऊ. त्याआधी थोडं विचारू का? कोणासाठी पाहिजे?"

"वडलांसाठी. प्रायव्हेटला चालू होतं, आता नाही जमत पैशाचं."

"शेवटचं कधी झालं?"

"गेल्या सोमवारी."

"म्हणजे आठवडा होत आला. अंगावर सूज वगैरे? दम लागतो का त्यांना?"

"पाय सुजलेत. रात्री आडवं होता येत नाही, बसूनच असतात."

इथे थांबा. फोन स्वस्त डायलिसिसचा नंबर विचारायला आला होता. प्रत्यक्षात वडलांना आत्ता, या घटकेला दवाखान्यात न्यायला हवं. १०८ लावून द्यायचं, किंवा त्यांच्याकडे वाहन असेल तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जायला सांगायचं, आणि जुने रिपोर्ट सोबत घ्यायला लावायचे. पैशाचं बोलणं त्यानंतर, आणि शक्यतो त्याच दिवशी उलट फोन करून.

आता पैशाची बाजू. "तुम्ही काय करता भाऊ?" "सातपूरला कंपनीत आहे." "पगारातून ईएसआय कापतात का?" "कापतात, पण ते माझं ना. वडलांचं कुठं?" हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या ईएसआयमध्ये, म्हणजे राज्य कामगार विम्यात, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर येतात, फक्त त्यांची नावं नोंदवलेली असावी लागतात. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, सुरुवात तिथून. ते नसेल जमत तर रेशनकार्ड आहे का ते विचारा आणि महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेकडे वळा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला भेटायला सांगा. तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं बंधनकारक आहे.

बघा, पाचच प्रश्न विचारले: कोणासाठी, शेवटचं कधी झालं, त्रास काय होतोय, काम काय करता, विमा कापतात का. यातला एकही राहिला असता तर एखादा रस्ता बंद झाला असता. असे प्रश्न प्रत्येक विषयाचे वेगळे असतात आणि ते पाठ करून येत नाहीत. रेशन, निवृत्तिवेतन, वीजबिल, घरगुती वाद, शाळाप्रवेश, दिव्यांग प्रमाणपत्र अशा विषयांवर नव्यांनीच एकमेकांत फोन-फोन खेळायचं आणि तिसऱ्याने ऐकून सांगायचं, कोणता प्रश्न राहिला.

बोलण्याच्या ढंगाबद्दल थोडं. ताई, दादा, भाऊ, मावशी, काका, बाबा चालतात. 'सर' म्हटलं की गावाकडचा माणूस आखडतो आणि हो-हो करत सुटतो. बागलाण-मालेगाव पट्ट्यातून अहिराणी येईल, सुरगाणा-पेठकडून कोकणी बोली येईल, मालेगावातून उर्दूच्या वळणाची हिंदी, अंबड-सातपूरच्या चाळींतून भोजपुरी मिसळलेली. प्रत्येकाला सगळं यावं असा हट्ट नको, पण कोणाला काय येतं त्याचा तक्ता टेबलाशी हवा. "काय व्हयनं?" एवढं विचारता आलं तरी समोरची बाई पुढे बोलू लागते. आणि अर्धवट समजलं तर समजल्यासारखं करू नका, "म्हणजे असं का मावशी?" म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा.

लेखी स्क्रिप्टच्या मी विरोधात आहे. पहिली दोन वाक्यं ठरलेली असू द्या, बाकी नाही. वाचून दाखवलेलं बोलणं पलीकडच्याला लगेच कळतं.

पायरी ३: तातडी ओळखणं

इथे मात्र नियम लेखी हवेत आणि प्रत्येकाला पाठ हवेत, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

जीव धोक्यात, मारहाण चालू, आग: ११२. आजारपण, अपघात, बाळंतपणाच्या कळा: १०८. लहान मूल संकटात, बालविवाह ठरलेला: १०९८. गावातल्या बालविवाहात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही सांगता आलं पाहिजे. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले: १९३०, आणि तेही ताबडतोब, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. 'उद्या बँकेत जाऊन विचारतो' म्हणणाऱ्याला आजच, आत्ताच करायला लावा. पेठ-सुरगाण्याकडून सर्पदंशाचा फोन आला तर भगताविरुद्ध भाषण देत बसू नका. १०८, ज्या हातापायाला दंश झाला तो हलू न देणं, करकचून दोरी न बांधणं, आणि लस असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव, इतकंच आणि लगेच.

घरात मार खाणाऱ्या बाईचा फोन असेल तर पहिला प्रश्न: "ताई, आत्ता बोलता येईल का? जवळ कोणी आहे का?" कोणी असेल तर फक्त हो-नाहीत उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारा. तिला विचारल्याशिवाय उलट फोन करायचा नाही, व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवायचा नाही. तुमच्या संस्थेचं नाव ट्रूकॉलरवर तिच्या मोबाइलच्या पडद्यावर झळकतं, आणि तो मोबाइल संध्याकाळी नवऱ्याच्या हातात असतो. ही गोष्ट प्रशिक्षणात एकदा प्रत्यक्ष करून दाखवा: कार्यालयातल्या नंबरावरून एकमेकांना फोन लावा आणि काय नाव उमटतं ते बघा. पुढची वाट म्हणजे महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, सगळी मदत एका छताखाली देणारं सखी वन स्टॉप सेंटर, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. निर्णय तिचा. 'सोडून द्या त्याला' हे सांगणं आपलं काम नाही आणि 'जमवून घ्या' हे सांगणं तर मुळीच नाही.

अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुप्ततेचं वचन देता येत नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणून 'तुम्ही सांगाल ते कोणालाही सांगणार नाही' असं फोनच्या सुरुवातीला कधीच म्हणू नये.

आणि जीव देण्याची भाषा. नवी माणसं इथे शब्द टाळतात, विषय बदलतात, 'असं नका बोलू' म्हणतात. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने तसं मनात भरत नाही, उलट बोलणारा मोकळा होतो. पुढे: काही ठरवलंय का, जवळ काही आहे का, घरात कोण आहे. औषधाचा डबा हाताशी असेल तर फोन सोडायचा नाही. खूण केल्यावर शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने ११२ लावायचा, आणि जवळचा माणूस त्याच्यापाशी पोचेपर्यंत बोलत राहायचं. तात्काळ धोका नसेल तर १४४१६, म्हणजे टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. तिथे चोवीस तास मराठीत बोलता येतं. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलिस केस होईल या भीतीने घरचे दवाखान्यात नेत नाहीत. त्यांना हे सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करण्याची भूमिका कायद्याची नाही.

कुठल्याही तातडीच्या फोनमध्ये नंबर सांगून मोकळं होऊ नका. कॉन्फरन्सवर घ्या, पलीकडच्याने उचलल्याची खात्री करा, दोन वाक्यांत माहिती द्या म्हणजे त्या माणसाला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागणार नाही, आणि मग बाहेर पडा.

पायरी ४: नोंदवही ताजी ठेवणं

याचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि हेल्पलाइन पडते ती इथेच.

गुगलवर सापडलेला नंबर कधीही पुढे द्यायचा नाही. बँकेच्या, गॅसच्या, कुरिअरच्या 'कस्टमर केअर'च्या नावाने ठगांनी टाकलेले नंबर शोधात वर येतात. आपण दिलेल्या नंबरावरून कोणाचं खातं रिकामं झालं तर तो माणूस पुन्हा फोन करणार नाही, त्याची गल्लीही करणार नाही. नंबर अधिकृत संकेतस्थळावरून, पासबुकावरून किंवा बिलावरून घ्या, स्वतः लावून बघा, कोणी उचलला आणि काय म्हणाला ते तारखेसह लिहा, मगच तो नोंदीत.

एका नोंदीत काय असावं, तर सेवा काय, कोणासाठी, कोणासाठी नाही, अट काय, कागद काय, खर्च किती, वेळ कोणती, व्हीलचेअर आत जाते का, कोणती भाषा चालते, आणि शेवटची खात्री कोणी कधी केली. 'कोणासाठी नाही' हा रकाना लोक सोडून देतात. एखादा वृद्धाश्रम अंथरुणाला खिळलेल्यांना घेत नसेल तर ते लिहिलेलं असायला हवं. नाहीतर आपण लकवा मारलेल्या आजीला रिक्षात घालून तिकडे पाठवतो आणि गेटवरून ती परत येते.

नोंदी वाटून द्या, प्रत्येकाच्या नावावर काही. तीन महिन्यांत एकदा प्रत्येक नोंद फोन करून तपासायची. सरकारी योजनांच्या अटी तर नवा शासननिर्णय निघाला की लगेच. १०९८ चंच घ्या. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा वर्षानुवर्षं स्वयंसेवी संस्थांच्या हातून चालली, आणि २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली. नंबर तोच, पण फोन उचलणारा वेगळा आणि पुढची साखळीही वेगळी.

योजनेबद्दल बोलताना 'तुम्हाला मिळेल' हे वाक्य बंद. 'तुम्ही अर्ज करू शकता, निर्णय तहसील कार्यालयाचा' असं सांगा. संजय गांधी निराधार योजनेत बसतो की नाही हे तुम्ही ठरवत नाही. पण अर्धवट माहितीवर 'तुम्हाला नाही मिळणार' म्हणणं त्याहून वाईट. मोफत वकिलाबाबत हे फार होतं. लोकांना वाटतं ही सोय गरिबांसाठीच आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागता येतो. नाशिकला ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, फोनवर १५१००.

शक्य तिथे एकाऐवजी दोन-तीन पर्याय द्या आणि निवड त्यांच्यावर सोडा. ओळखीचं खासगी हॉस्पिटल किंवा 'आपला माणूस' असलेला एजंट सुचवायचा नाही, दिवाळीचा मिठाईचा पुडासुद्धा घ्यायचा नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगा, कारण दलाल हेल्पलाइनच्या पोरांना बरोबर हेरतात.

पायरी ५: कागदावर किती लिहायचं

लागेल तेवढंच. आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी कधीच नाही; समोरचा आपणहून सांगू लागला तर मध्येच थांबवा. नाव लिहिण्याआधी विचारा, उलट फोन करण्याची परवानगी वेगळी विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण त्याहून मोठं कारण गावकीचं आहे: जुन्या नाशकात किंवा सिडकोत बसलेल्या तुमच्या कार्यकर्त्याला फोन करणारी बाई शेजारच्या गल्लीतली निघू शकते. आवाज ओळखला तर तिला सांगायचं की मी अमुक भागातली आहे, दुसऱ्या कोणाशी बोलायचं असेल तर जोडून देते. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजची केस' टाकण्यावर पूर्ण बंदी.

पायरी ६: उलट फोन

आठवड्यानंतर फोन करून विचारायचं, "गेलात का? काय म्हणाले?" सगळ्यांना जमणार नाही. म्हातारी माणसं, दिव्यांग, लहान मुलांचे विषय, आणि ज्यांना तीनपेक्षा जास्त ठिकाणी पाठवलं अशांना तरी कराच. नव्यांनी पहिल्या महिन्यात स्वतः घेतलेल्या प्रत्येक फोनमागे उलट फोन करावा, म्हणजे आपण दिलेल्या माहितीचं पुढे काय झालं ते कळतं. बऱ्याचदा उत्तर येतं, "साहेब जागेवर नव्हते," किंवा "ते म्हणाले हे आमच्याकडे नाही." ते लगेच नोंदवहीत.

आणखी एक यादी ठेवा: ज्या गरजेसाठी पाठवायला जागाच नव्हती ती. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर आलेल्या मजुरांची लहान पोरं दिवसभर कुठे ठेवायची? रात्री अकराला नाशिकरोड स्टेशनवर सापडलेल्या, गोंधळलेल्या आजोबांना सकाळपर्यंत कोण ठेवून घेईल? अशा फोनवर खोटी आशा द्यायची नाही, सरळ सांगायचं आणि लिहून ठेवायचं. वर्षाअखेरी हेच कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महापालिकेत जाता येतं. तिथे भाषणाला विचारत नाहीत, तारीखवार नोंदीला विचारतात.

पायरी ७: पूर आणि सिंहस्थ

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एक सराव ठेवा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले, तेव्हा शहराचा प्रश्न एकच होता: पाणी कुठपर्यंत आलं? नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, कमरेला लागलं की छातीला. प्रशासन गंगापूर धरणातला विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्यात, सांगतं. नव्या माणसाला दोन्ही भाषा कळायला हव्यात, पण सांगायचं फक्त अधिकृत आकड्यावरून आणि वेळेसकट: "चार वाजता प्रशासनाने एवढा विसर्ग सांगितला आहे." व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ कोणत्या वर्षाचा आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. 'धरण फुटलं म्हणे' अशा फोनला जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ लावून खातरजमा केल्याशिवाय हो किंवा नाही यातलं काहीच म्हणायचं नाही. सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठच्या वस्त्या इथल्यांसाठी निवारा कुठे उघडलाय ते दर तासाला फळ्यावर लिहायचं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तयारी वेगळी. फोन हिंदीत, गुजरातीत, कदाचित तेलुगूत येतील. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर ही दोन गावं आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करतात, मध्ये तीसेक किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर वाहनबंदी. हरवलेल्या माणसाचा फोन आला तर नाव-वयाबरोबर कपड्यांचा रंग, बोलतो ती भाषा, सोबतच्यांची गाडी कुठे उभी आहे आणि शेवटचं कुठे दिसला हे विचारायचं, आणि पोलिसांच्या हरवले-सापडले केंद्राला लगेच जोडून द्यायचं. आपण समांतर शोध सुरू करायचा नाही.

पायरी ८: फोन हातात कधी द्यायचा

दुसऱ्या आठवड्यात अनुभवी माणसाशेजारी बसून नुसतं ऐकणं. तिसऱ्यात फोन नव्याचा, पण कान जुन्याचाही. चौथ्यात एकट्याने, देखरेख करणारा त्याच खोलीत. कोणाला सहा आठवडे लागले तर लागू द्या. एकट्याला सोडण्याआधी मी तीन गोष्टी बघते: 'मला माहीत नाही, बघून अर्ध्या तासात सांगते' हे न लाजता म्हणता येतं का, शांतता सहन होते का, की पलीकडचा गप्प झाला की हा बडबडायला लागतो, आणि तातडीचे नियम झोपेतून उठवलं तरी येतात का. गोड आवाज माझ्या यादीत नाही.

रडारडीच्या किंवा जीव देण्याच्या फोननंतर त्या माणसाला पुढचा फोन लगेच द्यायचा नाही. दहा मिनिटं बाहेर, चहा, आणि देखरेख करणाऱ्याशी बोलणं. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून अवघड फोन उलगडायचे, नाव-गाव काढून. सलग रात्रपाळ्या लावायच्या नाहीत. स्वयंसेवक आहेत म्हणून हे टाळू नका. सोडून जाणारे बहुतेक जण पगारामुळे जात नाहीत, एखादा फोन डोक्यात घेऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी येतच नाहीत.

उजळणी वर्षातून दोनदा पुरते: एकदा मेमध्ये पुराच्या सरावाबरोबर, एकदा दिवाळीनंतर. दोन्ही वेळा जुन्यांनीही किमान दोन कार्यालयांच्या खिडक्यांवर पुन्हा तासभर उभं राहायचं आहे. तोवर खोली बदललेली असते, क्लार्कची बदली झालेली असते आणि एखादा नवा कागद मागायला सुरुवात झालेली असते.